पायाला विसावा

मोटार चालविणाऱ्या माणसाच्या उजव्या पायाचा इतिहास अद्याप कोणी लिहिलेला नाही. हाताचा लिहिला गेला आहे, डोळ्यांचाही. परंतु जो पाय तासन् तास एका लहानशा पट्टीवर अधांतरी दाब धरून बसतो, न पुरा टेकतो न पुरा उचलतो, त्याच्याकडे इतिहासकाराचे लक्ष जात नाही. आमच्या दासगावाहून मुंबई-गोवा महामार्ग जातो. या रस्त्यावर ज्यांचे पोट आहे त्यांना विचारावे. रात्री घरी आल्यावर ते प्रथम जेवण मागत नाहीत, गुडघ्याला लावायला तेल मागतात. या पायाला विसावा देण्यासाठी माणसाने कायकाय केले, आणि त्या धडपडीत एका आंधळ्या माणसाचा वाटा केवढा मोठा आहे, हे सांगावे म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

'क्रूझ कंट्रोल' हे नाव आता आपल्याकडच्या तरुणांच्या तोंडी रुळले आहे. मोटारीने एक वेग पकडला की खटका दाबायचा, पाय काढून घ्यायचा, आणि चढ असो उतार असो, गाडीने तोच वेग राखायचा, अशी ही सोय. ऐकणाऱ्याला ती कालपरवाची वाटते. वस्तुतः तिचे मूळ मोटारीहूनही जुने आहे, आणि ते मूळ पाहण्यासाठी विलायतेस जाण्याचेही कारण नाही. जुन्या डिझेल इंजिनावर चालणारी कोणतीही भाताची गिरणी पाहावी.

गिरणीत इंजिन रिकामे फिरत असते तेव्हा त्याचा आवाज एका लयीत असतो. मग गिरणीवाला वरून भाताचे पोते ओततो. भार पडतो, इंजिन क्षणभर दबते, आवाज जड होतो, आणि कोणी हात न लावता ते पुन्हा आपल्या मूळ लयीवर येते. कोणी आणले? आतल्या गव्हर्नरने. फिरत्या दांड्याला दोन वजने जोडलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि इंधनाची वाट आवळतात. वेग घटला की आत येतात आणि वाट सैल करतात. बस्स, एवढेच. गोफण फिरविणाऱ्या पोराला जे हाताने कळते, तेच येथे लोखंडाला कळविले आहे.

ही युक्ती जेम्स वॉटने १७८८ साली आपल्या वाफेच्या इंजिनाला बसविली. त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने लंडनच्या आल्बियन गिरणीत तसे यंत्र पाहिले आणि वॉटला कळविले. त्याआधी इंग्लंडातल्या पवनचक्क्यांत, वारा वाढला-घटला तरी जात्याच्या दोन तळ्यांमधले अंतर बरोबर राहावे म्हणून, असे फिरते गोळे वापरात होतेच. म्हणजे पाहा, आज ज्या सोयीसाठी महागड्या मोटारीची जाहिरात होते, ती जन्माला आली पीठ दळण्याच्या जागी! पुढे १८६८ साली क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने या गव्हर्नरांवर गणिती लेख लिहिला. वेग सावरताना यंत्र कधी कधी फाजील सावरते, मग उलट बाजूला झुकते, पुन्हा सावरते आणि असे झोके घेत राहते. हे झोके कधी शमतील आणि कधी वाढत जातील, याचा विचार त्याने मांडला. नवशिका सायकलस्वार हँडल सावरता सावरता अधिकच नागमोडी जातो, तसलाच हा प्रकार.

मोटार आली तेव्हा हे ज्ञान तयार होते. तथापि ते मोटारीत नीट बसावयास अर्धे शतक लागले. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीत तर पायाला हे कामच नव्हते. स्टिअरिंगखालच्या एका दांडीने हातानेच इंधन कमीजास्त करायचे. आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांतही डॅशबोर्डावर हाताने ओढायची एक मूठ असे, आणि ट्रॅक्टरला तर अशी हातदांडी आजही असते. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मूठ ओढून ठेवली म्हणजे इंधनाची वाट स्थिर झाली, वेग नव्हे. तेवढ्याच इंधनावर गाडी चढाला दम टाकते आणि उताराला उधळते. दोर बांधून ठेवलेला लगाम आणि जाणत्या हातातला लगाम यांत जो फरक, तोच येथे आहे. अमेरिकेतल्या पीअरलेस कंपनीने १९१० च्या सुमारास आपल्या गाड्यांत वॉटच्या धर्तीचा गव्हर्नर बसवून पाहिला. पण त्या काळचे रस्ते, त्या काळची गर्दी आणि त्या काळची किंमत या तिहींत तो रुजला नाही.

आता ज्याच्यासाठी लेखणी उचलली त्या माणसाकडे येतो. राल्फ टीटर हा अमेरिकेतील इंडियाना प्रांतातल्या हेगर्सटाऊन या लहान गावचा. जन्म १८९० चा. पाचव्या वर्षी सुरीने अपघात झाला आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. असे मूल आपल्याकडे असते तर आईबापांनी काय केले असते, हे वाचकांस सांगावयास नको. टीटरच्या घरच्यांनी त्याला कोपऱ्यात बसविले नाही. घरचा कारखाना होता, तेथे तो हत्यारे चाचपत वाढला आणि बाराव्या वर्षी त्याने स्वतः एक मोटारगाडी जुळविली. १९१२ साली त्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धाच्या काळात विनाशिकांच्या टर्बाइनचे प्रचंड रोटर तोल साधून बसविण्याचे काम डोळस तंत्रज्ञांना जमेना. टीटरने केवळ बोटांनी थरथर जोखून तो तोल साधण्याची रीत बसवून दिली. १९३६ साली तो अमेरिकेतल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. पिस्टनच्या कड्या बनविणाऱ्या 'परफेक्ट सर्कल' या कारखान्याचा तो पुढे प्रमुखही होता.

असा माणूस मोटार चालवू शकत नव्हता. त्याला दुसऱ्याच्या शेजारी बसावे लागे. त्याची हकिगत अशी सांगतात की, त्याचा वकील त्याला गाडीतून नेई, तो बोलू लागला की गाडी मंदावे आणि ऐकू लागला की जोरात पळे. डोळसाला हे जाणवत नाही. खिडकीबाहेरचे चित्र त्याला गुंतवून ठेवते. आंधळ्याला मात्र प्रत्येक हिसका पाठीच्या कण्यात कळतो. युद्धकाळात, १९४२ साली, रबर आणि पेट्रोल वाचावे म्हणून अमेरिकेत ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली गेली होती. त्यामुळे एकसारखा वेग राखण्याचा प्रश्न तसा सर्वांपुढेच होता. पण तो सोडविण्याची तळमळ लागली ती ज्याला वेग दिसत नव्हता त्याला.

१९५० साली त्याला आपल्या युक्तीचे पेटंट मिळाले. त्या पहिल्या रूपात पाय पूर्णपणे मोकळा होत नव्हता, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. चालकाने डॅशबोर्डावरच्या चकतीने वेग ठरवायचा. चाकांच्या गतीबरोबर फिरणारी वजने त्या वेगाला पोहोचली की इंजिनातल्या निर्वाताच्या जोरावर एक दट्ट्या हले आणि ॲक्सिलरेटरची पट्टी उलट पायावर रेटू लागे. जणू कोणी खालून हळूच सांगावे, 'पुरे, आता याहून नको.' चालकाने त्या रेट्यावर पाय नुसता टेकवून ठेवायचा. वाटल्यास जोर लावून पुढेही जाता येई. डोळ्याने काटा पाहण्याचे काम टीटरने असे तळपायाच्या स्पर्शाकडे सोपविले. जो स्वतः स्पर्शावर जगला, त्याने मोटारीलाही स्पर्शाची भाषा शिकविली.

लोकांना मात्र एवढ्यावर समाधान नव्हते. पाय टेकवूनच ठेवायचा तर विसावा कसला? त्यांना तो सरळ काढून घ्यायचा होता. तेव्हा टीटरने पुढे विद्युतचुंबकाने वेग जागच्या जागी पकडून ठेवणारी कडी जोडली, आणि ब्रेकला पाय लागताच ती सुटेल अशी व्यवस्था केली. १९५८ सालच्या आपल्या उंची गाड्यांत क्रायस्लर कंपनीने ही सोय 'ऑटो-पायलट' या नावाने दिली. नाव भारीच फसवे होते. गाडी स्वतः वळत नव्हती की थांबत नव्हती. पुढे कॅडिलॅक कंपनीने दिलेले 'क्रूझ कंट्रोल' हे नावच टिकले. १९६५ साली अमेरिकन मोटर्सने स्वस्तातली आवृत्ती काढून ती साधारण माणसाच्या गाडीत आणली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, आणि १९७४ साली तेथे ताशी ५५ मैलांची मर्यादा आल्यावर, इंधन वाचविणारी वस्तू म्हणून तिचा भाव आणखी वाढला. वजने आणि दट्ट्या गेले, इलेक्ट्रॉनिक मेंदू आला. मग १९९० नंतर पुढच्या गाडीचे अंतर मोजून आपोआप मंदावणारी जात निघाली. जपानच्या मित्सुबिशीने आणि पाठोपाठ १९९९ साली जर्मनीच्या मर्सिडीजने ती बाजारात आणली. टीटर १९८२ साली वारला. आपल्या कल्पनेचा प्रसार त्याने पाहिला. मात्र स्वतःची गाडी स्वतःच्या मर्जीच्या वेगाने नेण्याचे सुख त्याच्या वाट्याला कधीच आले नाही.

या सगळ्याचा दासगावाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आमच्या गावाला वेगाचे पहिले नियंत्रण शिकविले ते सावित्रीच्या खाडीने. रस्ता होण्यापूर्वी आणि झाल्यावरही बरीच वर्षे दासगाव हे बंदर होते. बाणकोटाकडून येणारे गलबत असो की लाँच, तिने केव्हा यावे आणि केव्हा निघावे हे भरती-ओहोटी ठरवी. तांडेलाची घाई तेथे चालत नसे. मग मोटारी आल्या, आणि घाईबरोबर दुसरे काही तरीही आले. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेला निघाले, तेव्हा धरमतरच्या मोटारवाल्यांनी त्यांच्या मंडळींना गाडीत घेण्याचे नाकारले होते. म्हणून ते 'पद्मावती' बोटीने समुद्रमार्गे हरिहरेश्वरापर्यंत आले, आणि तेथून लाँचमधून २५ डिसेंबर रोजी दासगावच्या धक्क्याला उतरले. तेथून मंडळी सुमारे पाच मैल चालत महाडला गेली. रस्ता होता, मोटार होती, मोटारीत इंजिन होते. माणसाला जागा नव्हती. यंत्राच्या सोयीचा इतिहास लिहिताना हे पान मला उलटून पुढे जाता येत नाही. कारण 'सोय' हा शब्द उच्चारताच 'कोणाची?' हा प्रश्न आमच्या गावच्या माणसाच्या मनात उभा राहतो, आणि तो राहावयासच हवा.

तोच प्रश्न गेल्या वर्षी माझ्यापुढे एका निराळ्या रूपात आला. माझा एक जुना विद्यार्थी गॅरेजात काम करतो. त्याचे काका महाड-पनवेल भाड्याची गाडी चालवितात. वय साठीकडे झुकलेले, उजवा गुडघा दुखरा, आणि गाडी सोडली तर घरात दुसरी मिळकत नाही. विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, काकांच्या गाडीत क्रूझ बसवतोय. कंपनीने महागाच्या मॉडेलला दिलंय, आमच्या मॉडेलला नाही दिलं. पण आतल्या कॉम्प्युटरला सगळं ठाऊक आहे." मला हे नवल वाटले, म्हणून मी दोन संध्याकाळी त्याच्याजवळ बसून समजून घेतले. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पायाखालची पट्टी इंजिनाला तारेने जोडलेली नसते. ती फक्त विजेचा निरोप पाठविते. वेग राखण्याची अक्कल संगणकात आधीच घातलेली असते, पण स्वस्त गाडीत ती झोपवून ठेवलेली असते. स्टिअरिंगजवळची खटक्याची दांडी जोडली आणि संगणकाला तसे सांगितले की ती जागी होते. म्हणजे धरमतरच्या मोटारीसारखेच झाले की! जागा आहे, तुमच्यासाठी नाही. फरक इतकाच की, तेव्हाचा अडसर जातीचा होता आणि हा पैशाचा. पहिल्याने माणुसकीच नाकारली होती, दुसऱ्याने फक्त आराम नाकारला आहे. तेव्हा दोहोंना एका तागडीत घालणे बरे नव्हे. पण कारागिराच्या पोराने तो अडसर आपल्या हाताने काढावा, याचा मला आनंद वाटला.

मात्र मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. पहिली ब्रेकची. ब्रेकवर पाय पडताच वेगाची पकड सुटली पाहिजे, आणि आपल्याकडच्या हातगिअरच्या गाडीत क्लच दाबतानाही सुटली पाहिजे. नाही तर मोकळे झालेले इंजिन वेग राखण्याच्या नादात किंचाळत सुटेल. टीटरने १९५० च्या दशकात कडी जोडताना जी सुटका ठेवली, ती या सबंध शोधाचा प्राण आहे. विद्यार्थ्याने पायाखाली वाकून ब्रेकचे आणि क्लचचे विजेचे खटके मला दाखविले, ते तपासल्याशिवाय तो पुढे गेला नाही. हा हट्ट त्याला कोणी शिकविला ठाऊक नाही. गणिताचा ताळा करून पाहण्याची सवय मी शाळेत लावली होती, तिचा थोडा वाटा असेल तर मला बरे वाटेल.

दुसरी गोष्ट खटक्याची. दांडीला चार बटणे होती: चालू करण्याचे, वेग पकडण्याचे, कमीजास्त करण्याचे आणि सोडण्याचे. सगळी एका उंचीची, एका गुळगुळीत काळ्या पृष्ठाची. कोणते कोणते हे वर पांढऱ्या बारीक अक्षरांत लिहिलेले. काकांना चाळिशी लागलेली. रात्रीच्या वेळी रस्त्यावरची नजर काढून ती अक्षरे कोण वाचणार? टीटरची गोष्ट मी त्यांना सांगितली. काका जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे मूळ आंधळ्यानं केलेली वस्तू, आणि आता डोळे असणाऱ्यालाही सापडेना." मग त्या मुलाने सोडण्याच्या बटणावर चिकटद्रव्याचा एक घट्ट टिपका वाळविला, आणि वेग पकडण्याच्या बटणावर एक बारीक आडवी रेघ उठविली. टिपका लागला की सोड, रेघ लागली की पकड. खर्च शून्य. काकांनी डोळे मिटून, गाडी उभी असताना, पाच-पन्नास वेळा तो सराव केला.

या सोयीची हद्दही सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख जाहिरात ठरेल. हे यंत्र साधारणपणे ताशी ४० किलोमीटरच्या खाली वेग पकडतच नाही. आमच्या महामार्गाचे काम वर्षानुवर्षे रखडले असता कित्येक टप्प्यांत एवढा वेग गाठणे हेच भाग्याचे होते. पोलादपूरच्या पुढे कशेडीच्या जुन्या घाटवळणांवर, आंबेनळीत, वरंध्यात त्याला हातही लावू नये. पावसाळ्यात तर नाहीच. रस्त्यावर पाणी साचले असता चाक जमिनीवरून सुटून पाण्यावर घसरते. अशा वेळी वेग राखण्याचा यंत्राचा अट्टहास घातक ठरतो. साध्या वेगधारकाला फक्त चाक कळते, पुढचा रस्ता कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्यांसह काही वाहने माणसांनिशी वाहून गेली. जून २०१७ मध्ये नवा पूल सुरू झाला, पण त्या रात्रीनंतर पावसात पुलावर गाडी घालताना आमच्या भागातल्या चालकाचा पाय आपसूक ब्रेकवर जातो. ही सवय कोणत्याही यंत्राने मोडू नये असे मला वाटते.

सरकारनेही वेगाचा विचार केला आहे, पण दुसऱ्या टोकाकडून. २०१५ च्या नियमाने भाडोत्री वाहनांना ताशी ८० किलोमीटरपुढे न जाऊ देणारा वेगमर्यादक सक्तीचा झाला. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ८० च्या पुढे सूचनेचा आवाज आणि १२० च्या पुढे अखंड आवाज आला. वेगमर्यादक आणि क्रूझ कंट्रोल ही एकाच घरातली दोन भावंडे होत. एक म्हणतो, 'याहून अधिक नको'. दुसरा म्हणतो, 'एवढाच राहू दे.' टीटरचे पहिले यंत्र, पायाला खालून रेटा देणारे, या दोघांच्या बरोबर मध्ये होते. ते सांगत होते, पण बांधून ठेवीत नव्हते. पायाचा विसावा वाढविता वाढविता आपण तो मधला मुक्काम मागे टाकला. विसावा अवश्य घ्यावा. ज्याचा गुडघा दुखतो त्याने तर घ्यावाच. मात्र विसावलेला पाय ब्रेकपासून दूर घडी घालून ठेवावयाचा नाही, त्याच्या शेजारीच टेकवावयाचा आहे, एवढे भान राहिले म्हणजे झाले.

काकांच्या गाडीतली दांडी आता वर्षभर चालते आहे. माणगावच्या अलीकडे थोडासा सरळ, मोकळा रस्ता लागतो, तेवढ्यापुरतीच ते ती वापरतात. बाकी वेळ ती नुसती असते. घरी आल्यावर तेलाची बाटली आठवड्यातून दोनदाच निघते, असे त्यांच्या घरून कळते. शोधाच्या थोरवीचे माप अमेरिकेत किती गाड्यांत तो बसला यावरून घेत असतील. दासगावात आम्ही ते तेलाच्या बाटलीवरून घेतो.